मदत हवी आहे: टँकरच्या पाण्यातच नायट्रेट, काय करू?

६० लिटरची माशांची टाकी, गप्पी आणि मॉली, स्पंज फिल्टर. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी साठणारं) मात्र ८० पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम) अडलंय. सोसायटीत येणारं टँकरचं बोअरचं पाणी तपासलं, तर त्यातच ४०! म्हणजे नुसतं पाणी बदलून त्याखाली जाणं शक्यच नाही. खाणं कमी केलंय, तळाची घाण सायफनने काढते. मनी प्लांटची मुळंही पाण्यात सोडलीत. पांढरीशुभ्र वाढताहेत, पण आकडा हलत नाही. मॉली पर मिटून कोपऱ्यात उभ्या असतात, बघून जीव तुटतो.

महापालिकेचं पाणी इथे येत नाही. घरी आरओ आहे, पण मॉलींना जड पाणीच मानवतं. सध्या जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) १८, केएच (पीएच स्थिर ठेवणारी कार्बोनेटची पातळी) १०. आरओचं पाणी किती प्रमाणात मिसळू, आणि केएच किती ठेवला तर पीएच कोसळणार नाही?