दार्जिलिंग: एचएमआय संग्रहालय आणि झू, एक तास पुरेल का?

मृदुला_ठाणे
नोव्हेंबरमध्ये दार्जिलिंगला दोन रात्री मुक्काम आहे. सोबत सत्तरीचे सासू-सासरे आणि नववीतला मुलगा. टूरवाल्याने टायगर हिलच्या सूर्योदयाच्याच दिवशी 'सेव्हन पॉइंट' या स्थळदर्शन फेरीत झू आणि हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (एचएमआय, गिर्यारोहण संस्था) घातलंय, वेळ एक तास. पुरेल का? चढ किती? आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम गावातल्या चौरस्त्याजवळ आहे ना?

घाटवाट
नाही पुरणार. गाडी गेटपाशी सोडते, तिथून झूमधून चढत जायचं आणि एचएमआय त्याच्याही वर, जवाहर पर्वतावर. उंची २१०० मीटरच्या आसपास, त्यामुळे सपाटीवर रोज फिरणाऱ्यांनाही धाप लागते. अडीच-तीन तास धरा. ज्येष्ठांना काठी द्या, बसत-थांबत न्या. उतरताना गुडघे जास्त बोलतात, ओल असेल तर पाय घसरतो.

सगळ्यात आधी वार बघा: गुरुवारी बंद असतं. झू आणि एचएमआयचं तिकीट एकत्रच मिळतं, खालीच काढायचं. टायगर हिलसाठी पहाटे साडेतीन-चारला उठावं लागतं, त्या दिवशी दुपारी हा चढ म्हणजे सासू-सासऱ्यांवर अन्याय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. आणि दुपारी उशिरा जाऊ नका, थंडीत लवकर बंद करतात.

रानमांजर
चौरस्त्याचं विसरा ताई. बेंगॉल नॅचरल हिस्टरी म्युझियम पूर्वी मेडोबँक रोडवर होतं, आता ते झूच्या आवारात आहे. जुनी गाइडबुकं अजून तिकडेच पाठवतात. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आणि फुलपाखरं आहेत, अर्धा तास पुष्कळ.

खरा वेळ रेड पांडाला द्या. तो थंड वेळेत हालचाल करतो, दुपारी फांदीवर पोट टेकून झोपतो आणि लोक 'दिसलाच नाही' म्हणत निघून जातात. पिंजऱ्याच्या जमिनीवर शोधू नका, वर फांद्यांच्या बेचक्यांत बघा, शेपटीचे पट्टे आधी दिसतात. इथेच जन्मलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालिला राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात सोडल्या होत्या. हिमबिबट्याचं प्रजनन इथे १९८३ पासून चालू आहे, पण ते केंद्र लोकांना खुलं नाही.

घाटवाट
मुलासाठी थोडं. नेपाळ परदेशी मोहिमांना बंद होता तेव्हा एव्हरेस्टच्या ब्रिटिश मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे जायच्या आणि शेर्पा इथेच भरती व्हायचे. म्हणून १९५३ मध्ये तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचल्यानंतर १९५४ मध्ये संस्था इथे उभी राहिली. तेनझिंग नोर्गे तिचे पहिले प्रशिक्षणप्रमुख होते. आत आधी हिमालयाचं उठावाचं मॉडेल बघू दे, मग गिर्यारोहणाच्या साहित्याकडे वळा, नाहीतर सगळे बूट-दोर सारखेच वाटतात. एव्हरेस्टवर तेनझिंगच्या गळ्यात स्विस गिर्यारोहक लँबर्टने दिलेला लाल स्कार्फ होता. १९५२ मध्ये दोघांना शिखराच्या जरा खालून परतावं लागलं होतं. तेनझिंगची समाधी बाहेर आवारातच आहे.

मृदुला_ठाणे
आभार! आमचा दुसरा दिवस नेमका गुरुवारच आहे.

रानमांजर
मग टूरवाल्याकडून टायगर हिल गुरुवारी पहाटे करून घ्या आणि बुधवारी उघडतानाच झू गाठा. मंगळवारी रात्री पोचत असाल तर सहज जमेल.