अर्ज करण्याआधी विद्यापीठ बघून यावं का? लवकर सांगा

अर्धविराम: यादी तयार आहे, अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. त्याआधी जाऊन बघून यावं का? घरचे म्हणतात, न बघता पाच वर्षं कुठे काढणार? तिकिटं रोज महागतायत, याच आठवड्यात ठरवायचंय. "तुमचं तुम्ही ठरवा" असं कृपया सांगू नका.

तळटीप: देश कुठला? विषय? मास्टर्स की पीएचडी?

सांजवारा: जाच! मी गेले होते. वेबसाइटवर सगळे हसरे चेहरे. प्रत्यक्षात रात्री उशिरापर्यंत अख्खी लॅब खाली मान घालून कामात, आणि कोणाला काही विचारलं की आधी सरांच्या केबिनच्या दाराकडे नजर. ते नाव मी तिथेच यादीतून काढलं.

मुळाक्षर: जीआरई प्रवेश परीक्षेची तयारी झाली का? रोज थोडं वाचन ठेव, शब्द पाठ करून टिकत नाहीत.

अर्धविराम: माझ्या यादीत जीआरई कोणी मागत नाही. अमेरिका, रसायनशास्त्र. पाच वर्षं म्हणजे पीएचडीच ना!

तळटीप: मग आत्ता जाऊ नका. तिथे रसायनशास्त्राचे बरेच विभाग निवड झाल्यावर, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, स्वतःच बोलावतात आणि प्रवासाचा खर्चही बऱ्याचदा उचलतात. परदेशातून येणाऱ्यांना किती देतात ते विभागाला विचारा. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघटनेच्या ठरावात सामील असलेल्या विद्यापीठांत आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. ऑफर हातात आल्यावर बघा.

सांजवारा: पटलं नाही. तेव्हा सगळं सजवून दाखवतात. शिवाय नको त्या ठिकाणी अर्जाची फी आधीच गेलेली असते!

तळटीप: त्यासाठी विमान कशाला? विद्यार्थ्यांशी एकेकट्याने व्हिडिओ कॉलवर बोलायचं, प्राध्यापक नसताना. लॅब अर्ध्यात सोडून कोण गेलं, स्टायपेंडमध्ये घरभाडं भागतं का, सुट्टी मागितली तर काय होतं. उत्तराआधी कोणी अडखळलं तरी कळतं.

उंबरठा: अर्धविराम, तुम्ही सध्या अमेरिकेत आहात का? बाहेर असाल तर व्हिसा आहे?

अर्धविराम: बाहेर आहे. व्हिसा अजून नाही. प्रवेश मिळाला की एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, काढणारच आहे.

उंबरठा: हे आधी सांगायचं! एफ-१ साठी विद्यापीठाचा आय-२० हा दाखला लागतो, तो प्रवेशानंतर. नुसतं बघायला जायचं तर बी-२ हा पर्यटक व्हिसा काढावा लागेल. काही ठिकाणी त्याच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच महिने जातात. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

सांजवारा: मग मीही म्हणेन, आत्ता राहू दे. पण निवड झाल्यावर जमलं तर नक्की जा.

अर्धविराम: बरं, तिकीट नाही काढत. प्राध्यापकांना मेलमध्ये काय विचारू?

तळटीप: पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहेत का, एवढंच. तिथे रसायनशास्त्रात बहुतेक ठिकाणी अर्ज विभागाकडे जातो, मार्गदर्शक पहिल्या वर्षात ठरतो. ज्या विभागात दोन-तीन जणांकडे काम करायला आवडेल, तोच यादीत ठेवा. एकाच नावावर विसंबू नका, ते दुसरीकडे गेले तर अडकाल.

मुळाक्षर: शिफारसपत्रं कोण देतंय?