टॉक रेडिओचा निवेदक भांडखोरच हवा का?

रात्रपाळी: गाणी नाहीत, नुसती बडबड. मग ऐकायचं काय? त्या माणसाचा स्वभाव! माझं म्हणणं, निवेदकाला ठाम मत हवंच. 'हेही खरं, तेही खरं' करणारे गोडबोले दहा मिनिटांत झोपवतात. रात्री गाडी चालवताना मी ज्याला ऐकतो, त्याला निम्मा वेळ शिव्याच घालतो. स्टेशन मात्र बदलत नाही.

खरखर: असहमत. मत असणं वेगळं, अंगावर जाणं वेगळं. बऱ्याच स्टुडिओंत अशी सोय असते की निवेदकाने तोंड उघडलं की फोन करणाऱ्या श्रोत्याचा आवाज आपोआप दबतो. ऐकणाऱ्याला वाटतं, समोरचा निरुत्तर झाला. तो बिचारा तिकडे बोलतच असतो. याला वाद म्हणायचं?

रात्रपाळी: हे माहीत नव्हतं. पण सभेच्या अध्यक्षाकडेही घंटा असतेच की.

खरखर: अध्यक्ष घंटा वाजवतो, स्वतः वादात उतरत नाही.

जुना ट्रान्झिस्टर: थोडा इतिहास. अमेरिकेत १९४९ पासून 'फेअरनेस डॉक्ट्रिन' होतं. वादाचा विषय घ्यायचा तर दुसऱ्या बाजूलाही वाव द्यायचा, असा नियम. १९८७ मध्ये तो रद्द झाला आणि १९८८ मध्ये रश लिंबॉ हा उजव्या मतांचा, भांडखोर निवेदक देशभर ऐकू यायला लागला. सगळं खापर नियमावर फोडू नका; गाणी एव्हाना एफएमवर गेली होती आणि एएमवाल्यांना वेळ भरायला काहीतरी हवंच होतं. मला खरा घाव वाटतो तो १९९६ चा. एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत, यावरची मर्यादा त्या वर्षीच्या कायद्याने उठली. मग शेकडो स्टेशनांवर एकच आवाज. स्थानिक निवेदक खोटं बोलला तर दुसऱ्या दिवशी रस्त्यात कोणीतरी गाठायचं त्याला. दूरवरून बोलणाऱ्याला कोण गाठणार? भांडखोर की समंजस, हे नंतर बघू.

रात्रपाळी: रस्त्यात गाठण्याचा मुद्दा मान्य.

पडद्यामागे: मी एका स्टेशनवर दोन वर्षं फोन घ्यायचे. निवेदकासमोरच्या पडद्यावर नाव, एका ओळीत मुद्दा आणि माणूस किती मिनिटं ताटकळलाय, एवढं दिसायचं. ती ओळ मी लिहायचे. सूचना साधी होती: 'पटलं' म्हणणाऱ्यांना थांबव, चिडलेल्यांना पुढे घे. चिडलेला पण अभ्यास करून आलेला असला तर? त्याचा नंबर यायच्या आत कार्यक्रम संपायचा. खरखर, तुमचा संशय रास्त आहे.

आणखी एक गंमत. शिवी वगैरे गाळता यावी म्हणून प्रसारण काही सेकंद उशिरा जातं. त्यामुळे प्रत्येकाला माझं पहिलं वाक्य, 'आधी घरातला रेडिओ बंद करा.' जे करत नाहीत त्यांना स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि ते अडखळतात. आमचे साहेब, म्हणजे निवेदक, अशांची खिल्ली उडवायचे.

पण तेच साहेब एका आजोबांशी रोज मायक्रोफोनवर कडाकडा भांडायचे आणि जाहिराती लागल्या की फोन न ठेवता विचारायचे, 'गुडघा कसा आहे?'

खरखर: हे तर जास्तच वाईट! म्हणजे राग नाटकी. आजोबांना आतली माया ठाऊक. आम्हाला फक्त भांडण ऐकू येतं, आणि आम्ही तेच घरी घेऊन जातो.

रात्रपाळी: मला आजोबांचं ऐकून तो माणूस जास्त आवडला, काय करू. पण अभ्यास करून आलेल्यांना ताटकळत ठेवणं... ते नाही पटलं. ठाम मतवाल्याला त्यांची भीती का वाटावी?

पडद्यामागे: भीती नव्हती हो. त्यांना वेळ लागायचा. जाहिरात थांबत नाही.

रात्रपाळी: आत्ता आमचा तो लागलाय. एक बाई अडखळतायत आणि हा हसतोय. आजपर्यंत मीही हसायचो. घरातला रेडिओ चालू राहिला असणार त्यांचा.