मे महिन्याची सुट्टी, वाचन आणि व्याकरण: तुमच्या आठवणी, तुमचे प्रयोग

बार्देशकरीण
काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले होते, पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, थोडं राहिलं होतं. तिरफळांची पुडी घरी येऊन सोडली तर कागद व्याकरणाच्या वहीचा. 'पुढील वाक्यांतील प्रयोग ओळखा.' पेन्सिलीने उत्तरं, वर लाल फुल्या. 'रामाने आंबा खाल्ला' याला कुणा पोराने कर्तरी लिहिलेलं. तिरफळं ओट्यावर तशीच आणि मी पान वाचत उभी.

मामा आठवला. मे महिना आमचा पेडण्याला त्याच्याकडे जायचा. तो प्राथमिक शिक्षक. दुकानातून आलेली पुडी सोडली की कागद आमच्या हातात. साखर बहुतेक जुन्या 'गोमन्तक'मधून यायची, गूळ 'नवप्रभा'तून. आधी मोठ्याने वाचायचं, मग क्रियापद शोधायचं, मग प्रयोग. प्रयोग ओळखायची त्याची रीत मी अजून वापरते. आंब्याच्या जागी कैरी ठेवा, मग करवंद ठेवा. आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, करवंद खाल्लं. क्रियापद कर्माच्या मागे धावलं म्हणजे कर्मणी. रामाच्या जागी सीता आली तरी ते हलत नाही.

पण खरी मजा फाटलेल्या बातमीची. अर्धा खून आमच्या हातात आणि खुनी दुसऱ्या पुडीत, म्हणजे शेजाऱ्यांच्या घरी. मग उरलेली बातमी आम्ही रचायचो. मामा ती लिहून घ्यायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासायचा.

माझी मुलगी सहावीत आहे. शाळेने सुट्टीसाठी पानं दिलीत, ती फोनला विचारून चहा उकळायच्या आत संपवते. पाचवी ते आठवीच्या वयात सुट्टीत तुम्ही काय वाचलंत, व्याकरण कोणी कसं गळी उतरवलं, हल्लीच्या पोरांकडून काय करून घेता? लिहा. छान लिहायची गरज नाही.

अंत्रुजी
नाटक. दुसरं काही नाही.
आमच्या वाड्यावरच्या देवळात वैशाखात उत्सव, त्यात गावातल्यांचं नाटक. मी सातवीत असताना नेहमीच्या प्रॉम्प्टरला गोवर आला आणि संहिता माझ्या हातात दिली. महिनाभर रोज रात्री तालीम. स्वल्पविराम म्हणजे काय ते मला शाळेने नाही शिकवलं. स्वल्पविराम खाल्ला की राजाचा श्वास संपायचा आणि तो माझ्याकडे असा बघायचा की बस. उद्गारचिन्ह दिसलं की विंगेत माझाही आवाज चढायचा, मग दिग्दर्शकाची शिवी. तेव्हा 'पुसून टाकीन', 'येत असे' असली वाक्यं तोंडात बसली ती बसलीच. दहावीला भविष्यकाळ आणि रीतिभूतकाळ वेगळे पाठ करावे लागले नाहीत.
प्रयोगाच्या रात्री मध्येच वीज गेली. राजा, प्रधान, मी सगळे अंधारात. राजाला पुढचं आठवेना, मला पान दिसेना. पेट्रोमॅक्स येईपर्यंत पेटीवाल्याने एकच पद तीनदा वाजवलं आणि लोकांनी तिन्ही वेळा वन्स मोअर दिला. पेटीवाला नंतर वर्षभर आमच्याशी सरळ बोलत नव्हता. तो किस्सा वेगळा, परत कधीतरी.

नुसती वाचणारी
@अंत्रुजी परत कधीतरी नको, आत्ताच सांगा

मडगावकरीण
ताई तिरफळं कशी लावली? आमच्याकडे बाजारात हात लावायची सोय नाही.

बार्देशकरीण
@मडगावकरीण महागच गं. पावशेरावर भागवलं. बांगड्याच्या उडदमेथीला पुरतील पाऊस संपेपर्यंत.

शाळावाली
डिचोली तालुक्यात शिकवते, पाचवी ते आठवी. लांब लिहिते, माफ करा, सवय आहे.

आपल्याकडची अडचण आधी समजून घ्या. बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात आणि पाचवीला एकदम इंग्रजी. म्हणजे मराठीचं व्याकरण जिथे खरं सुरू व्हायचं, तिथे मराठी हा एक विषय उरतो. इंग्रजीचं व्याकरण ज्या भाषेत शिकवतात ती भाषाच मुलांना अजून येत नसते. घरात तिसरंच बोलणं. पाचवीतला मुलगा 'ते मुलगी आली' लिहितो तेव्हा तो ढ नसतो. घरी कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंग, ते त्याने इमानदारीने मराठीत आणलेलं असतं. मी लाल फुली मारत नाही, 'घरचं की शाळेचं?' एवढंच विचारते. तो स्वतःच दुरुस्त करतो.

शुद्धलेखनाला सुट्टीत नियमांची यादी देऊ नका. एकच नियम घ्या आणि तो महिनाभर घरात फिरवा. विहीर, पण विहिरीत. फूल, पण फुलाला. जमीन, जमिनीवर. शेवटून दुसरं अक्षर, शब्दाला प्रत्यय लागला की ऱ्हस्व. मग एखादं चौकस पोर विचारतं, 'टीचर, मग गीतात का नाही बदलत?' तेव्हा सांगायचं की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं दीर्घ सोडत नाहीत, गीतात, शरीराला. हा प्रश्न पोराने विचारेपर्यंत थांबायचं, आधी सांगितलं तर कोण ऐकतो?

सुट्टीत मुलं सगळं विसरतात हा बाऊही नको. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात सरासरी महिन्याभराच्या शिकण्याएवढी घसरण दिसली. पण सगळ्यात जास्त विसरलं जात होतं ते गणितातली आकडेमोड आणि स्पेलिंग. वाचून समजणं तितकं नाही. त्यांची सुट्टी आपल्यापेक्षा बरीच मोठी असते, हेही धरा. मी त्यातून एवढंच घेते: जे सरावाचं आहे त्याला रोज पंधरा मिनिटं, बाकी वेळ पोराला आवडेल ते वाचू द्या. भुतांच्या गोष्टी असल्या तरी.

आणि २०२५ पासून सहावीपासून पुढच्यांचं नवं वर्ष एप्रिलातच सुरू होतं, तेव्हा मे महिन्यात पुस्तकं हातात असतात. निदान पुढचे धडे गोष्ट म्हणून वाचून काढा. खालचे प्रश्न सोडवायचे नाहीत, नुसतं वाचायचं.

वास्कोतून
टीचर तुमच्याकडे प्रवेश मिळेल का, वय ४४

सत्तरीचा रानगडी
वाचनालय वगैरे शहरातल्या गोष्टी. आमच्या शाळेत कपाटभर पुस्तकं होती, पण सुट्टी लागली की कपाटाला कुलूप आणि चावी हेडमास्तरांबरोबर त्यांच्या गावी. पोरांना वेळ असतो तेव्हाच पुस्तकं तुरुंगात. याचा राग मला अजून आहे. आता माझा भाचा त्याच भागातल्या एका शाळेत जातो, तिथेही तेच.
आम्ही काजूच्या भाटात. सकाळी बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, नीरो म्हणजे रस काढायला बोंडू तुडवायच्या कोळंब्यात. दुपारी राखणीला मला बसवायचे कारण मी आळशी. एका मास्तरांनी 'किशोर'चे जुने अंक दिले होते, तेच उलटसुलट वाचले. पानांवर बोंडवाचे डाग, ते कधी जात नाहीत. त्यातली शब्दकोडी आधीच कुणीतरी सोडवलेली, तीही चुकीची. मग मी ती तपासायचो. व्याकरण म्हणाल तर तेच.
'किशोर'चे जुने अंक आता बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, १९७१ पासूनचे. कुलूप नाही.

मडगावकरीण
@सत्तरीचा रानगडी हुर्राक मिळेल का हो अजून यंदाची?

सत्तरीचा रानगडी
@मडगावकरीण संपली बाय. फेणी आहे.

कुळागर
माझा राग इंग्रजीच्या क्लासवर. मे महिन्यात व्हेकेशन बॅच, पोराला ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करायला पानंच्या पानं. 'द कॅट वॉज सीन बाय मी' असं जगात कोण बोलतं? पोरगं झोपेत बाय मी, बाय मी करायला लागलं तेव्हा बंद केला क्लास.
रिपोर्टेड स्पीच मात्र आमच्या सासूबाईंनी शिकवलं, त्यांना स्वतःला इंग्रजीचा गंध नाही. त्या संध्याकाळी शेजारणींशी बोलून येतात आणि सगळं जसंच्या तसं सांगतात. पोराचं काम, त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत उतरवायची. तेव्हा कळलं की मुलं कुठे अडकतात. आपण म्हणतो, 'ती म्हणाली की मी बाजारात जाते' किंवा 'ती बाजारात जाते असं म्हणाली'. जाते तसंच राहतं. इंग्रजीत 'शी सेड दॅट शी वॉज गोइंग', काळ मागे सरकतो. आपल्या भाषेत हा सरकायचा प्रकारच नाही, मग पोराला नियम पाठ करून कसा जमणार? गावगप्पांवर जमला. दुष्परिणाम म्हणजे वाड्यावरच्या सगळ्या भानगडी आता त्याला दोन भाषांत ठाऊक आहेत.

नुसती वाचणारी
सासूबाईंना कुठे भेटता येईल

काणकोणचे आजोबा
नातवाने लिहायला शिकवले म्हणून लिहितो आहे. माझे वडील पोर्तुगीज काळात शिकले. सकाळी एस्कोल म्हणजे पोर्तुगीज शाळा, तेथे पोर्तुगीज क्रियापदे चालवायची, सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत मराठीचे मास्तर, ते गावाने वर्गणी काढून ठेवलेले. मोडी तेथेच शिकले. त्यांचे म्हणणे असे की पोर्तुगीज क्रियापदे चालवून चालवून मराठीचे काळ आपोआप सुटले, कारण कुठलेही क्रियापद दिसले की हे चालवायचे कसे हाच विचार डोक्यात येई. सुट्टी अशी नव्हतीच, पाऊस सुरू झाला की शेतात. मुक्तीनंतर गावात सरकारी मराठी शाळा आली तेव्हा मी पहिल्या तुकडीत होतो. फळ्यावर पहिले वाक्य काय होते ते आठवत नाही, मास्तरांचा सदरा आठवतो.
आमच्याकडे नातू माझे व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात तपासतो. 'आर्शीवाद' नव्हे 'आशीर्वाद' असे कुटुंबाच्या गटात सर्वांदेखत लिहिले. मी दोन दिवस सुप्रभात पाठवले नाही.

वास्कोतून
आजोबा, नातवाला आमच्या सोसायटीच्या गटात घाला. तिथे 'पाणि येनार नाही' रोज येतं, पाणीही येत नाही.

शाळावाली
@काणकोणचे आजोबा आजोबा, नातवाला सांगा, चूक एकट्यात सांगायची, कौतुक चारचौघांत. पण पोरगा तयार आहे!

तिसवाडी
पणजीत राहणाऱ्यांनी पाटोवरचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय सोडू नये. १८३२ साली 'पब्लिका लिव्रारिया' म्हणून सुरू झालेलं, आता कृष्णदास शामांचं नाव. मुलांचा वेगळा विभाग आहे, वातानुकूलित, मे महिन्यात तेवढ्यासाठी गेलं तरी चालेल. मी मुलाला घेऊन जाते, एकच अट: निवडायचं त्याने, मी तोंड उघडायचं नाही. पहिल्यांदा त्याने सापांवरचं चित्रांचं जाडजूड पुस्तक उचललं. आता घोणस, मण्यार, नाग यांची वाक्यं रचतो, 'घोणसाने' की 'घोणशीने' यावर आमचं भांडण होतं. घोणस स्त्रीलिंगी, मी जिंकले.

अंत्रुजी
@तिसवाडी घोणस घरात शिरली तर लिंग कोण बघतो

मडगावकरीण
@तिसवाडी रविवारी उघडं असतं का? आम्हाला इतर दिवशी जमत नाही, आणि मडगावाहून बसने येऊन परत फिरायचं म्हणजे अख्खा दिवस.

तिसवाडी
@मडगावकरीण फोन करूनच निघा. मी जाते ती शनिवारी.

बार्देशकरीण
बापरे, किती लिहिलंत. दुपारी कैऱ्या कापत होते, आता बसून वाचलं. @शाळावाली मॅडम, विहीर-विहिरीत आजपासून सुरू. मुलीला पुरुमेताची यादी लिहायला बसवलं: मीठ, पण मिठात. चिंच चुकली नाही, 'मिरच्या' चुकल्या, 'मीरच्या' लिहिल्या.
@सत्तरीचा रानगडी 'किशोर'ची लिंक टाका ना.

सत्तरीचा रानगडी
रेंज नाही आता, रात्री टाकतो. भट्टीकडे आहे.

मडगावकरीण
@सत्तरीचा रानगडी मग फेणीचं तरी कळवा. ह्यांना पाहिजे, मला नको.