ऑनलाइन खेळांत सोबतचे खेळाडू आता बोलत का नाहीत?

अंत्रुजकर (फोंडा) यांचा प्रश्न

दुबईत नोकरीला होतो त्या काळात मी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नियमितपणे खेळत असे. त्या खेळातील डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेले भुयार, पाच जणांनी मिळून पार करायचे असते. ते सुरू होण्यापूर्वी टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा) आणि हीलर (सोबत्यांच्या जखमा भरणारा) यांची जमवाजमव करण्यातच बराच वेळ जाई, आणि तेवढ्यात कोण कुठल्या देशाचा आहे, कोणाला पहाटे कामावर जायचे आहे, कोणाचे मूल शेजारी रडते आहे, हे सारे न विचारता कळत असे. गोव्यात परतल्यावर पुष्कळ वर्षांनी मी तोच खेळ पुन्हा सुरू केला आहे. आता एक बटण दाबले की चार अनोळखी खेळाडू समोर उभे राहतात, साधा नमस्कारही न करता धावत सुटतात, आणि शेवटचा राक्षस पडताच एकामागून एक नाहीसे होतात. मी काही लिहिले तर बहुधा उत्तर येत नाही.

भाच्याच्या मोबाइलवर चालणारे खेळ पाहिले, तर तिथेही अनोळखी सोबत्यांमध्ये हीच शांतता आढळली. खेळाडूंची संख्या वाढली, इंटरनेट वेगवान झाले, प्रत्येकाच्या हातातल्या यंत्रात माइक आला, आणि तरीही बोलणे मात्र आटले, असे का व्हावे? माणसांचा स्वभावच बदलला, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

म्हापशेकर यांचे उत्तर

अंत्रुजकर, आपण जे बोलणे आठवता ते बहुतेक सगळे वाट पाहण्याच्या वेळात झालेले आहे, हे आपल्याच लिखाणातून दिसते. जुन्या खेळांमध्ये असा रिकामा वेळ भरपूर होता. १९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये मंत्र टाकणाऱ्या पात्राची शक्ती संपली, की ती भरून येईपर्यंत जमिनीवर बसून राहावे लागे, आणि सुरुवातीच्या पातळ्यांवर तर बसल्या बसल्या मंत्रांची पोथी पडदा व्यापून टाकत असे, त्यामुळे चॅट सोडून पाहण्यासारखे काही उरत नसे. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्यासाठी जहाज होते, आणि ते येईपर्यंत धक्क्यावर ताटकळावे लागे. त्या काळी याबद्दल सगळे चरफडतच असत, हेही सांगितले पाहिजे.

त्याच खेळातील ईस्ट कॉमनलँड्स या प्रदेशात एक बोगदा होता. तिथे बाजार भरावा असे खेळ तयार करणाऱ्यांनी ठरवले नव्हते, पण खेळाडू आपणहून तिथे जमू लागले आणि आपला माल ओरडून विकू लागले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चणेकाराकडे किंवा नुस्तेकारणीकडे (मासळी विकणारीकडे) जशी घासाघीस चालते, तशी तिथे तलवारी आणि चिलखते यांच्यावरून चाले, आणि घासाघीस करता करता ओळखी होत. डिसेंबर २००१ च्या विस्तारात (खेळाला नंतर जोडलेल्या भागात) खेळाने अधिकृत बाजार आणला, ज्यात विक्रेत्याने आपले पात्र किंमती लावून उभे करून ठेवायचे आणि ग्राहकाने यादीत शोधून वस्तू घ्यायची. व्यवहार फार सोपा झाला आणि बोगदा ओस पडला.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या बाबतीत मी डिसेंबर २००९ च्या ३.३ या अद्ययावत आवृत्तीकडे बोट दाखवीन. सगळे जण तिच्यातील डंजन फाइंडरबद्दल बोलतात, म्हणजे आपण लिहिलेत त्या बटणाबद्दल. पण कामगिरी कुठे पार पाडायची हे नकाशावर दाखवण्याची सोयही त्याच आवृत्तीत आली, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बॅरन्स या प्रदेशात मॅनक्रिक नावाचे एक पात्र आपल्या हरवलेल्या बायकोला शोधून काढायला सांगत असे, आणि ती कुठे आहे याचा धड पत्ता देत नसे. परिणामी त्या प्रदेशाच्या चॅटमध्ये दिवसरात्र कोणी ना कोणी ‘मॅनक्रिकची बायको कुठे आहे’ असे विचारत असे. त्यावर कोणी खरे उत्तर देई, कोणी चावट उत्तर देई, आणि त्यातून निघालेली चर्चा भलतीकडेच जाई. नकाशावर खूण आली तेव्हा विचारण्याचे कारणच उरले नाही. उरलेले काम संकेतस्थळांवरील तयार मार्गदर्शिका आणि यूट्यूब यांनी केले. शेजाऱ्याला विचारायची गरज राहिली नाही, की त्याच्याशी बोलायचे निमित्तही जाते.

आणखी एक गोष्ट. डंजन फाइंडर आपल्याच नव्हे, तर इतर सर्व्हरवरील (म्हणजे त्याच खेळाच्या वेगळ्या प्रतींमधील) खेळाडूही एकत्र आणत असे. पूर्वी एखादा लूट पळवणारा निघाला तर संपूर्ण सर्व्हरवर त्याचे नाव होई. आता जो भेटतो तो पुन्हा भेटण्याची शक्यताच नसते, म्हणून त्याच्याशी चांगले वागण्यातही लाभ नाही आणि वाईट वागण्यातही तोटा नाही.

सासष्टीची वाचक (मडगाव) यांचे उत्तर

म्हापशेकरांचे विवेचन मला पटते, परंतु त्यात एक बाजू राहून गेली आहे. पुष्कळ जण बोलायची गरज असूनही बोलत नाहीत, कारण बोलल्यावर काय ऐकावे लागते हे त्यांनी एकदा अनुभवलेले असते.

मी नेमबाजीचे खेळ खेळते. टाइप करून बोलण्याच्या काळात माझे नाव एवढेच समोरच्याला दिसत असे, आणि ते मी मुद्दाम असे ठेवले होते की त्यावरून काही कळू नये. माइक आल्यावर तोंड उघडताच मी बाई आहे, साधारण किती वयाची आहे, माझे हिंदी कुठल्या वळणाचे आहे, हे सगळे पहिल्याच वाक्यात उघड होते. त्यानंतर पुढचा अर्धा तास कोणत्या शब्दांत जातो हे इथे लिहिण्याची आवश्यकता नाही. माझ्या माहितीतील बऱ्याच मुली खेळ सुरू होताच सगळ्यांना म्यूट करतात, आणि मीही तेच करते. ज्याला असा अनुभव आला नाही त्याला ती शांतता थंडपणाची वाटते. माझ्यासाठी ती दाराला लावलेली कडी आहे.

कंपन्यांनाही याची जाणीव आहे. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ चालवणाऱ्या रायट गेम्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रतिस्पर्धी संघाशी बोलण्याची सोय काही काळ बंदच करून पाहिली, कारण तिचा उपयोग मुख्यतः शिवीगाळीसाठी होत होता. त्या निर्णयावर नाराज झालेलेही बरेच होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही, कारण हरल्यावर ‘छान खेळलात’ असे समोरच्याला सांगण्याचा मार्गही त्याबरोबर बंद झाला.

घराचाही विचार करावा. आपल्याकडे प्रत्येकाला स्वतंत्र खोली असतेच असे नाही. रात्री अकराला शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असताना ‘डावीकडून दोघे येताहेत’ असे ओरडता येत नाही.

साखळीचा स्क्वॉड यांचे उत्तर

अंत्रुजकर काका, आपला राग येत नाही, पण आम्ही बोलत नाही हे विधान मला मान्य नाही. आम्ही अखंड बोलतो, फक्त ते आपल्याला ऐकू येत नाही.

बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइल या नेमबाजीच्या खेळाची भारतीय आवृत्ती, त्यात स्क्वॉड (संघ) चार जणांचा असतो. आमचे तिघे ठरलेले आहेत: मी, वाळपईचा एक मित्र आणि सध्या इंग्लंडमध्ये स्विंडनला असलेला माझा चुलतभाऊ. आम्ही तिघे डिस्कॉर्ड या खेळाबाहेरच्या गप्पांच्या ॲपवर बोलत असतो, आणि चौथा जो कोणी खेळाकडून मिळतो त्याला खेळाच्या आत तिघे मुके सोबती दिसतात. तो बिचारा ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि गप्प बसतो. माझ्या मते आपल्या भाच्याच्या फोनवर आपण पाहिलात तो बहुधा असाच एखादा चौथा असावा. डिस्कॉर्ड २०१५ साली आले. त्याआधीही टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो होतेच, परंतु ते चालवायला कोणीतरी सर्व्हर भाड्याने घ्यावा किंवा स्वतः चालवावा लागे, म्हणून ते मुख्यतः गिल्डपुरते (खेळाडूंच्या कायमच्या गटांपुरते) राहिले. आता तिघा मित्रांनाही आपली खोली फुकट मिळते.

आपल्या देशापुरते एक वेगळे कारणही आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आले, जुलै २०२२ मध्ये तेही ॲपच्या दुकानांतून काढले गेले, आणि मे २०२३ मध्ये परतले. मधल्या काळात फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर हा तसाच खेळही बंदीत गेला. ज्या खेळातील मित्रयादी उद्या सकाळी असेल की नाही याची खात्री नाही, त्या खेळाच्या आत कोण मैत्री जमवणार? ज्यांच्याशी जमले त्यांचे नंबर घेऊन आम्ही व्हॉट्सॲपवर गेलो, आणि गप्पा तिकडेच राहिल्या.

टाइप करण्याविषयी तर बोलायलाच नको. दोन अंगठे पडद्यावर, एक चालायला आणि एक नेम धरायला. चॅट लिहायला तिसरा अंगठा देवाने दिलेला नाही.

अंत्रुजकर (प्रश्नकर्ते)

सर्वांचे आभार. सासष्टीच्या ताईंचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. यापुढे समोरच्याने उत्तर दिले नाही तर मी त्याला शिष्टपणा म्हणणार नाही. साखळीकरांना मात्र एक विचारतो. तुम्ही तिघे आधीपासूनचे मित्र आणि नातलग आहात. मला दुबईत जे लोक भेटले त्यांतील एकही जण मला आधी ठाऊक नव्हता, आणि त्यांतील दोघांशी माझा आजही पत्रव्यवहार आहे. आजच्या व्यवस्थेत तो चौथा खेळाडू तुमचा मित्र कोणत्या वाटेने होणार?

पर्वरीचा रहिवासी यांचे उत्तर

मी खेळ तयार करण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

म्हापशेकरांनी रंगवलेला भूतकाळ थोडा जास्त गजबजलेला आहे. डंजन फाइंडर येण्याच्या तीन वर्षे आधी, २००६ साली, कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील खेळाडूंची दीर्घकाळ नोंद घेऊन असे दाखवले होते की बहुतेक जण, विशेषतः वरची पातळी गाठेपर्यंत, एकटेच खेळतात. इतर खेळाडू त्यांना हवे असतात ते पाहायला आणि आपल्याकडे पाहणारे कोणी असावे म्हणून. प्रत्यक्ष बोलणे त्या मानाने थोडेच असते. म्हणजे बटणाने शांतता निर्माण केली नाही, तिला हवी असलेली सोय करून दिली. याला पुढे दुजोराही मिळाला. २०२२ मध्ये ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ हा जुना विस्तार क्लासिक रूपात पुन्हा आणताना कंपनीने सामाजिक अनुभव जपण्यासाठी डंजन फाइंडर मुद्दाम वगळला होता. खेळाडूंनी तो मागून मागून पुढच्याच वर्षी मिळवला.

आमच्या दृष्टीने मोकळी चॅट ही खर्चाची बाब आहे. तिच्यावर लक्ष ठेवायला माणसे लागतात, तक्रारी येतात, लहान मुले खेळत असतील तर जबाबदारी आणखी वाढते. तयार संदेशांना असे काही लागत नाही. २०१४ च्या ‘हार्थस्टोन’मध्ये प्रतिस्पर्ध्याशी बोलायला मोजके ठरावीक उद्गार दिले होते. २०१९ च्या ‘एपेक्स लेजेंड्स’मध्ये पिंगची (बटण दाबून खूण करण्याची) पद्धत इतकी उत्तम बसवली होती की शत्रू, शस्त्र, वाट, सारे काही एका बोटाने दाखवता येई आणि भाषाच आड येत नसे. तामिळनाडूचा, नेपाळचा आणि डिचोलीचा खेळाडू एका संघात असताना ही सोय अमूल्य आहे. ताईंसारख्यांना तर आवाज न देता बरोबरीने खेळता येते. तरीही माणसे तयार संदेशांतूनही टोमणा मारायला शिकतातच. ‘रॉकेट लीग’मध्ये सोपा चेंडू सुटला की प्रतिस्पर्धी ‘व्हॉट अ सेव्ह!’ हे कौतुकाचे वाक्य लागोपाठ दाबत राहतो.

अंत्रुजकरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काही खेळांनी जाणीवपूर्वक शोधले आहे. २००३ च्या ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’मध्ये लढून थकलेल्या पात्राचा शीण कँटिना नावाच्या मद्यगृहात बसून, तिथे नाचणाऱ्या किंवा वाजवणाऱ्या दुसऱ्या खेळाडूसमोरच उतरत असे. त्यामुळे ज्यांना लढाईत रस नाही असे खेळाडूही हवेसे झाले आणि लढणाऱ्यांना त्यांच्यापाशी थोडा वेळ बसणे भाग पडले. २०१९ च्या ‘स्काय’ या खेळात अनोळखी माणसाशी चॅट करायची तर दोघांनी एका बाकावर बसावे लागते. खेळ वेगवान असतानाच बोला, अशी अपेक्षा दोन्हींकडे नाही. बोलण्याची जागा वेगळी काढून दिलेली आहे. स्पर्धात्मक मोबाइल खेळांत अशी जागा म्हणजे लॉबी (दोन सामन्यांमधली थांबण्याची जागा), पण सामना संपताच तिथे पुढच्या सामन्याचे बटण, रोजच्या कामगिऱ्या आणि बक्षिसांच्या पेट्या समोर येतात. खेळाडू लॉबीत रेंगाळला तर आमच्या आकडेवारीत तो वाया गेलेला वेळ म्हणून दिसतो. हे मी अभिमानाने सांगत नाही.

म्हापशेकर

पर्वरीकरांनी दिलेला दाखला मान्य आहे. बहुतेक जण पूर्वीही एकटेच खेळत असतील, परंतु ज्यांना बोलायचे होते त्यांना त्यासाठी निमित्त शोधावे लागत नव्हते, एवढेच माझे म्हणणे होते.

अंत्रुजकरांना एक व्यावहारिक सूचना करतो. डंजन फाइंडरमधून मित्र मिळण्याची वाट पाहू नका. शहरांच्या चॅटमध्ये गिल्ड आपापल्या जाहिराती देतात, त्यांतील एखादी लहान, आठवड्यातून दोन ठरलेल्या रात्री रेड (मोठ्या गटाने करायची मोहीम) करणारी गिल्ड निवडा. तेच ते लोक ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा भेटणे, हे आता तिथेच उरले आहे. किंवा त्याच खेळाच्या, ऑगस्ट २०२३ पासून सुरू झालेल्या हार्डकोर सर्व्हरवर जाऊन पाहा. तिथे पात्र एकदा मेले की कायमचे मेले, त्यामुळे पुढच्या वळणावर काय दडले आहे हे अनोळखी माणसेही एकमेकांना सांगतात. अडचण वेळेची आहे. युरोपातील सर्व्हरवरील संध्याकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा, तेव्हा गिल्डमध्ये नाव घालण्यापूर्वी रेडची वेळ नक्की विचारून घ्या.