गच्चीवरून देवयानीचा फोटो काढायचाय, बजेट ३५ हजार. काय घ्यावं?

राजारामपुरी_तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की आभाळ निवळतं, तेव्हा देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा, म्हणजे त्या दूरच्या प्रचंड तारकासमूहाचा फोटो काढायचा आहे. जमलं तर मार्च-एप्रिलात सप्तर्षींजवळच्या एम८१ आणि एम८२ या दोन दीर्घिका सुद्धा. लोकांचे फोटो रोज मोबाइलवर बघतो आणि जीव जळतो. जवळ कॅननचा जुना डीएसएलआर, ५५-२५० ची लेन्स आणि बरा ट्रायपॉड आहे. बजेट ३५ हजार, वर एक रुपया नाही. गाडी नाही, म्हणून जे काय ते गच्चीवरूनच. टेलिस्कोप कोणता घ्यावा?

शाहूपुरी_एक्सप्रेस
भावा, डोळे झाकून सीस्टार एस५० हा स्मार्ट टेलिस्कोप घे. बजेटच्या वर जाईल, पण एकदाच जाईल. कॅमेरा आतच असतो, मोबाइलवर नाव निवडलं की स्वतःच शोधतो, दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत बसतो. मी एम५१ ही भोवऱ्यासारखी दीर्घिका लावून खाली जेवायला गेलो. पांढरा रस्सा संपेपर्यंत वर भोवरा तयार! नाद करायचा नाय.

पेठेतला_पैलवान
शहरातून काय डोंबलाचं दिसणार? पन्हाळ्याला जावा. नाहीतर सरळ गगनबावडा. आम्ही दाजीपूरला गेलेलो, आभाळात पाय ठेवायला जागा नव्हती.

शाहूपुरी_एक्सप्रेस
गाडी नाही लिहिलंय की वर.

पेठेतला_पैलवान
मग एसटी हाय की.

कोथरूडचा_दुर्बीणवाला
आठ इंची डॉब्सन घ्या, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप. माझ्याकडे सात वर्षं आहे. आरशाचा व्यास मोठा म्हणजे प्रकाश जास्त, हे साधं गणित आहे. आणि कृपया काही जण 'देवयानी आकाशगंगा' म्हणतात ते थांबवा. आकाशगंगा आपली, बाकीच्या दीर्घिका.

एकदा_फसलेला
खोक्यावर '६७५ पट' लिहिलेलं बघून मी ऑनलाइन एक दुर्बीण मागवली होती. ६० मिमीचं भिंग! व्यासाच्या मिलिमीटरांची दुप्पट, म्हणजे १२० पटीच्या पुढं चित्राचा नुसता लगदा होतो, हे पैसे गेल्यावर कळलं. स्टँड असा की खालून केएमटीची बस गेली तरी चंद्र नाचायचा. परत घ्या म्हटलं तर फोन उचलेनात. आता पोराच्या कपाटावर आहे, वर टोप्या अडकवतो. पट बघून काहीही घेऊ नका.

मास्तर_निवृत्त
डॉब्सन बघायला उत्तम, पण साधा डॉब्सन ताऱ्यांच्या मागे फिरत नाही. सेकंदाच्या वर शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा. जोशीबुवा तुम्ही सात वर्षांत दीर्घिकेचा एक तरी फोटो काढलात का?

आता मूळ प्रश्न. देवयानी आभाळात सुमारे ३ अंश पसरली आहे, म्हणजे सहा पूर्ण चंद्र शेजारी-शेजारी. आपल्याला फक्त मधला उजळ गाभा दिसतो म्हणून ती लहान वाटते. सीस्टारच्या एका चौकटीत ती मावत नाही, मोझॅक करावा लागतो, म्हणजे तुकडे काढून जोडावे लागतात. तुमच्या लेन्सला १०० ते २०० मिमीवर छान बसते. टेलिस्कोप लागतच नाही! लागतो तो स्टार ट्रॅकर, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणारं यंत्र. पैसे तिथं घाला.

घेण्याआधी गच्चीवर उत्तरेकडं बघा. कोल्हापुरातून ध्रुव जेमतेम १७ अंशांवर असतो. शेजारची टाकी आड आली तर ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखणार कसा?

शहरी प्रकाशासाठी महागडा नॅरोबँड फिल्टर, म्हणजे मोजकेच रंग आत सोडणारी काच, कोणी गळ्यात मारेल. घेऊ नका. तो तेजोमेघांना, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगांना चालतो. दीर्घिकेचा उजेड म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा उजेड, तो सगळ्या रंगांत असतो. फिल्टर रस्त्यावरच्या दिव्याबरोबर दीर्घिकाही गाळतो. उपाय एकच: वीस-तीस सेकंदांचे शेकडो फोटो काढा आणि सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये रचा. दोन्ही फुकट आहेत.

आणि शब्दांवरून भांडू नका. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलला देवयानीत सेफिड तारा सापडला, म्हणजे ठरावीक काळानं उजळ-मंद होणारा तारा. त्यावरून अंतर काढल्यावर ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची ठरली. तोवर तिला तेजोमेघच म्हणत होते.

कोथरूडचा_दुर्बीणवाला
माझं आडनाव जोशी नाही.

कळंबेकर
दवाचं कोणीच बोललं नाही. डिसेंबरात रात्री दहानंतर लेन्सवर पाणी धरतं. यूएसबीवर चालणारा गरम पट्टा मिळतो, तो गुंडाळा. गुऱ्हाळं सुरू झाली की आमच्याकडं धूर खाली बसतो, दिसतं ते पण दिसत नाही. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. माझ्या लेन्समध्ये बुरशीचं आख्खं झाड उगवलंय.

नवा_सभासद_०७
सीस्टार घ्या. वर कोणी सांगितलंय का माहीत नाही.

राजारामपुरी_तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार. मास्तर, ध्रुव दिसतो, टाकी आणि मोबाइल टॉवरच्या मधल्या फटीतून. आणि शाहूपुरीकर, भावा नव्हे, ताई. आपल्या कोल्हापुरात बायकापण 'बघतो'च म्हणतात, विसरलास होय?

टेलिस्कोप घेतला नाही. ट्रॅकरही नाही. काकांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. दोन फळ्या, एक बिजागरी, एम६ चा (६ मिमी जाडीचा) बोल्ट. त्याचे आटे १ मिमीचे, म्हणून बिजागरीपासून २२९ मिमीवर बसवला आणि बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे केला. मिनिटाला एक फेरा दिला की फळी ताऱ्यांच्या वेगानं उघडते. बोल्टावर डब्याचं झाकण चिकटवून ६० खुणा केल्या, सेकंदकाट्याबरोबर हातानं फिरवतो. खर्च ६४० रुपये, काकांच्या शिव्या वेगळ्या.

काल रात्री १०० मिमीवर वीस-वीस सेकंदांचे १५० फोटो काढले. ८८ हात हलल्यामुळं वाया गेले. उरलेले ६२ रचल्यावर गाभा, भोवतीचा तिरपा धुरकट पट्टा आणि शेजारच्या एम३२ या छोट्या दीर्घिकेचा ठिपका दिसतोय. २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड आहे, थोडा पुसट असणारच. ३५ हजारांतले बरेचसे बोअरच्या मोटरीत गेले.

शाहूपुरी_एक्सप्रेस
ताई, माफी. पण एम८१ ला हा फळकूट चालणार नाही, लिहून ठेवा. सीस्टारच लागणार.

मास्तर_निवृत्त
८८ वाया जायचं कारण हात. झाकणाला १ आरपीएमची (मिनिटाला एक फेरा) छोटी गिअर मोटर लावा. तुमच्या काकांकडं असेलच.

पेठेतला_पैलवान
फळी सागवानी हाय का प्लायवूड?