प्रतिसाद: घरची तेलुगू बंद करायची का?

ताई, लेक साडेतीन वर्षांची आहे, घरी तेलुगू बोलता आणि बालवाडीच्या बाई 'घरीही मराठीच बोला' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मुळीच ऐकू नका. तसं केलंत तर आजी गप्प बसेल, आणि सगळ्यात जास्त गप्पा तीच मारते ना!

आम्हीही सोलापूरच्या पूर्व भागातलेच, पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर. आमचा पोरगा 'ओकटी, रेंडू, मूडू' आजीजवळ शेंगा निवडताना शिकला. एका शेंगेला एक आकडा. मोजणं म्हणजे काय हे कळल्यावर 'एक, दोन, तीन' ही नुसती नवी नावं उरली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवर भर आहे.

पेन्सिलीची घाई मात्र थांबवा. आधी बोटांत जोर येऊ दे: शेंगा फोडणं, भाकरीच्या पिठाचे गोळे करणं. (अख्खा दाणा तोंडात टाकू देऊ नका, घशात अडकतो. आमच्याकडे एकदा फार घाबरायला झालं होतं.)

बाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना दोन-तीन तेलुगू शब्द लिहून द्या. 'नीळ्ळु' म्हणजे पाणी, 'कडुपु नोप्पी' म्हणजे पोटदुखी. आमच्या बाईंनी तो कागद कपाटावर चिकटवला होता.